धाकट्यांचे अकरा दिवस

आमच्या सासुरवाडीत हात असलेली खुर्ची एकच होती. सासऱ्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते आणि दुकानाच्या मागेच घर. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांची सात-आठ घड्याळे चाचणीसाठी भिंतीवर टांगलेली असत आणि त्यांच्या खाली ती खुर्ची. लग्नानंतर तीन वर्षे ती माझी होती. मी दारात दिसलो की सासरे मान वर न करता हातातल्या चिमट्यानेच तिच्याकडे खूण करायचे. "बसा. वेळेवर आलात." मी नेहमीच वेळेवर जात असे, आणि घड्याळे दुरुस्त करणाऱ्या माणसाला त्याचे कौतुक असते.

मग धाकट्या मेहुणीचे लग्न झाले आणि धाकटे आले.

धाकटे म्हणजे माझे साडू. सासरी मला 'थोरले' म्हणत, त्यांना 'धाकटे'. आता ते निवडून आले आहेत, त्यांच्या गाडीपुढे एक गाडी आणि मागे एक गाडी असते, तरी आमच्या घरात ते धाकटेच आहेत. या लेखातही मी तेच म्हणणार आहे. तेवढा एक हक्क माझ्याकडे उरला आहे.

आपल्या कर्मचारी संघाच्या अंकात त्यांच्यावर लेख हवा असे ठरले, तेव्हा संघाचे चिटणीस माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "तुम्ही घरचे. मोठ्या माणसाची साधी बाजू येऊ द्या."

मी म्हणालो, "मला त्यांचा हेवा वाटतो. तोही येईल लेखात."

ते हसत निघून गेले. त्यांना वाटले मी विनोद केला. पाच महिन्यांनी मी निवृत्त होत आहे. या विद्यापीठाच्या आस्थापना विभागात, म्हणजे नेमणुका आणि सेवापुस्तके जिथे सांभाळली जातात तिथे, मी पस्तीस वर्षे काढली. तेवढ्या काळात मी एकही विनोद केलेला नाही.

धाकट्यांचे वडील कपड्यांना इस्त्री करत. इस्त्री केलेले कपडे गुंडाळायला दुकानात रद्दी येई. हा मुलगा कागद वाचून झाल्याशिवाय गुंडाळू देत नसे. गिऱ्हाईक खोळंबे, वडील ओरडत, आणि हा म्हणे, "एवढा शेवटचा रकाना राहिलाय." गणितात दोनदा नापास झाला. मी वाणिज्य शाखेत पहिल्या वर्गात पहिला आलो होतो आणि बाविसाव्या वर्षी परीक्षा देऊन नोकरीला लागलो होतो. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण ही तुलना सासुरवाडीत एकदाही कोणी केली नाही.

पहिल्यांदा जेवायला बोलावले तेव्हा धाकटे सव्वा तास उशिरा आले. खाली रस्त्यावर जुनी पुस्तके विकणारा भेटला होता. मी मनात म्हणालो, आता सासरे यांना चांगले फैलावर घेतील. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "काय मिळालं?" धाकट्यांनी कव्हर फाटलेले एक पुस्तक काढले आणि उभ्या उभ्याच त्यातले पानभर वाचून दाखवले. सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. सासऱ्यांनी चिमटा खाली ठेवला. त्या चिमट्याला मी तीन वर्षांत कधी टेबल लागलेले पाहिले नव्हते. वाचन संपले आणि धाकटे सहज, न विचारता, माझ्या खुर्चीत बसले. मी हात धुवायला उठलो होतो.

परतताना बायको म्हणाली, "किती छान वाचतात ना!"

मी म्हणालो, "हो. पण सव्वा तास उशिरा."

"तुमचं आपलं काहीतरीच," ती म्हणाली. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळली.

पंधरा वर्षे धाकटे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका महाविद्यालयात साहित्य शिकवत होते. त्या काळात हेवा आटोक्यात होता, कारण अंतर होते. तरी एकदा परीक्षेच्या कामाने मला तिथे जावे लागले. शिपायाने सांगितले, सर वर्गात आहेत. मी वर्गाच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. मुले बाकांवर होती, खिडक्यांच्या कट्ट्यांवर होती, मागे भिंतीला टेकून उभी होती. धाकटे एका कवितेतली एकच ओळ घेऊन बसले होते. ती ओळ ते पुन्हा पुन्हा म्हणत, दर वेळी वेगळ्या शब्दावर जोर देत, आणि दर वेळी तिचा अर्थ बदले. दोन मिनिटांचे काम घेऊन गेलो होतो. चाळीस मिनिटे उभा राहिलो. शर्टाच्या बाहीला खडू, एका बुटाची नाडी सुटलेली, आणि शंभरावर माणसे त्या माणसाकडे पाहत होती. माझ्याकडे आयुष्यात एका वेळी तीन माणसांपेक्षा जास्त माणसांनी पाहिलेले नाही, आणि तीही पगारपत्रकाला उशीर झाला म्हणून.

तास संपल्यावर ते बाहेर आले. "अरे दादा! कधी आलात? आत यायचं ना!" मी म्हणालो, "आत्ताच आलो."

मग चौदा वर्षांपूर्वी विद्यापीठात प्राध्यापकाच्या चार जागा निघाल्या. त्यांतली एक साहित्याची. थेट मुलाखतीतून धाकट्यांची निवड झाली. म्हणजे ते माझ्याच आवारात येणार, आणि त्यांचे सेवापुस्तक माझ्याच टेबलावर उघडले जाणार.

त्याच आठवड्यात आमच्या घरी दुसरी एक गोष्ट झाली. मुलगी सोळा वर्षांची होती. तिचे निकालपत्र आले होते, गणितात उत्तम गुण होते. वाणिज्य शाखेचा अर्ज मी भरून ठेवला होता, फक्त तिची सही राहिली होती. ती म्हणाली, "बाबा, मी साहित्य घेणार आहे."

"का?"

"काकांशी बोलले मी."

"काकांशी? आणि बाबांशी?"

"तुमच्याशी काय बोलायचं, बाबा? तुम्ही अर्ज भरून ठेवला होतात."

ती उद्धटपणे बोलली नाही. उद्धट बोलली असती तर बरे झाले असते, मी रागावलो तरी असतो. मी भरलेला अर्ज घडी करून कपाटात ठेवला. तो अजून तिथे आहे.

पुढच्या सोमवारी, दोन तारखेला, चारही प्राध्यापक रुजू व्हायला आले. रुजू होणे म्हणजे 'मी अमुक दिवशी कामावर हजर झालो' असा एक कागद द्यायचा. त्यावर विभागाचा शिक्का पडतो आणि शिक्क्याची तारीख हीच नोकरीची तारीख. सोबत वैद्यकीय दाखला लागतो. तो चौघांपैकी एकाकडेही नव्हता. लोकांकडे पहिल्या दिवशी नसतोच. तिघेजण सकाळी साडेदहाला आले. त्यांच्या कागदांवर मी 'दाखला पंधरा दिवसांत सादर करण्याच्या अटीवर' असे लिहिले आणि शिक्का मारला. पद्धत तीच होती.

धाकटे दुपारी तीनला आले. सकाळी ते थेट वर्गात गेले होते. पहिला तास, मग मुलांनी सोडले नाही म्हणून दुसरा.

"दादा, हे घ्या तुमचं," म्हणून त्यांनी कागद दिला. बाहीला खडू होताच.

"दाखला?"

"आहे. म्हणजे होता. पुस्तकात खूण म्हणून घातला आणि ते पुस्तक ग्रंथालयात परत गेलं." ते हसू लागले. "आता कुणा मुलीने नेलंय म्हणे. मिळेल दोन-चार दिवसांत."

माझ्यासमोर शिक्का होता, शाईची गादी उघडी होती. सकाळचे तीन कागद अजून वाळायला ठेवलेले होते. मी म्हणालो, "दाखल्याशिवाय घेता येत नाही."

त्यांनी वाळत असलेल्या कागदांकडे पाहिले की नाही, हे मला तेव्हा कळले नाही. ते म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणाल तसं." आणि कागद घेऊन गेले.

ते गेल्यावर मी आवक नोंदवही उघडली. तिच्यात येणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद होते. कागद परत केला तरी तो आला होता, हे खरे होते. कागद येऊन गेला आणि वहीत काहीच नाही, असे माझ्या हातून होत नाही. पेन उचलायचे धाडस झाले नाही म्हणून पेन्सिलने लिहिले: 'रुजू अहवाल, प्राप्त दु. ३.००, दाखल्याअभावी परत.' खाली माझी सही.

ग्रंथालयातले ते पुस्तक नेणारी मुलगी गावी गेली होती. ती परत येईपर्यंत अकरा दिवस गेले. शुक्रवारी, तेरा तारखेला, धाकटे दाखला घेऊन आले. दाखल्याला मधोमध घडी होती आणि एका कडेला कोणीतरी पेन्सिलने 'सुंदर!' असे लिहिले होते, बहुधा पुस्तकातल्या ओळीसाठी. मी तेरा तारखेचा शिक्का मारला. अकरा दिवस त्यांनी वर्ग घेतले आणि ते नोकरीत नव्हते. मला वाटले होते, बरे वाटेल. शनिवारपर्यंत वाटलेही.

पुढची दहा वर्षे मी त्यांची वाढ सेवापुस्तकात माझ्या हाताने नोंदवली. दोन वर्षांत विभागप्रमुख. सहाव्या वर्षी अधिष्ठाता. परदेशात व्याख्यान. संपात मुलांनी आवाराचे फाटक अडवले, तेव्हा कुलगुरू आत बसून होते आणि धाकटे बाहेर जाऊन मुलांमध्ये फुटपाथवर बसले. तीन तासांनी फाटक उघडले. मी फाटकाच्या आत होतो. वेळेवर आलो होतो ना! माझी मुलगी फाटकाबाहेर त्यांच्या शेजारी बसली होती. तोवर ती त्यांच्याच विभागात शिकत होती आणि घरी जेवताना 'सर म्हणाले' असे म्हणे. घरातले 'काका' आवारात 'सर' झाले होते, आणि माझे दोन्हीकडे काहीच झाले नव्हते.

एकदा सासरे म्हणाले, "थोरले, तुम्ही हल्ली गप्प असता." मी म्हणालो, "कामं फार." सासऱ्यांनी एका टोल्याच्या घड्याळाचा लंबक थांबवला होता. घड्याळ पुढे गेले होते. मी विचारले, काटा मागे का घेत नाही? म्हणाले, "टोल्याच्या घड्याळाचा काटा मागे फिरवला तर टोले चुकतात. थांबवून ठेवायचं, वेळ येईपर्यंत."

चार वर्षांपूर्वी कुलगुरूंची मुदत संपली. नव्या कुलगुरूंसाठी अर्ज मागवले. अट होती: शेवटच्या तारखेला प्राध्यापक म्हणून पूर्ण दहा वर्षे. शेवटची तारीख होती सहा. महिना धाकटे रुजू झाले तोच. धाकट्यांचा शिक्का तेराचा. सात दिवस कमी पडत होते.

सगळे आवार धाकट्यांचे नाव घेत होते. अर्जांची छाननी करणाऱ्या समितीने विचारणा पाठवली: या प्राध्यापकांच्या आधीच्या रुजू तारखेचा काही पुरावा आहे का? उत्तर गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत. तोवर मी विभागाचा अधीक्षक झालो होतो. कुलसचिव मॅडमनी मला आत बोलावले.

"अधीक्षक, हा सात दिवसांचा घोळ काय आहे? माणूस दोन तारखेपासून शिकवतोय असं सगळे सांगतात."

"सांगण्यावर होत नाही, मॅडम. कागद पाहावा लागेल."

"मग पाहा. आणि जे असेल ते लिहा. तुमचे नातेवाईक आहेत, म्हणून जास्त नको आणि कमीही नको." मग थांबून म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी तुमची मुलाखत आहे ना, सहायक कुलसचिवपदाची?"

"हो."

"तयारी करा. तुमची फाईल अगदी स्वच्छ आहे."

हे त्या सहज म्हणाल्या. ती जागा माझ्यासाठी शेवटची संधी होती. तिथे दारावर नावाची पाटी लागते.

अभिलेख कक्षात जाऊन मी ती दहा वर्षांपूर्वीची वही काढली. पेन्सिल फिकी झाली होती, पण अक्षर माझेच. शाईच्या तीन नोंदी आणि खाली ही चौथी. खिशात खोडरबर होते, ते नेहमीच असते. पुसायचीही गरज नव्हती. 'नोंद आढळत नाही' एवढे तीन शब्द लिहिले असते तर ती वही उघडायला कोणी आले नसते. सुंठीवाचून खोकला गेला असता. आणि पेन्सिलची ती ओळ पुढे आणली, तर शेजारच्या तीन ओळी आपोआप दिसणार होत्या. तिघांचे घेतले, चौथ्याचे परत केले. का? मग मंगळवारी त्या 'का'चे उत्तर मलाच द्यावे लागणार होते.

बुधवारी सकाळी बायकोने चहा पुढे ठेवला. "धाकट्यांचं होईल ना हो?"

"नियमाने होईल ते होईल."

"नियम सांगणारे तुम्हीच ना?"

"सांगणारा मी. करणारा मी नाही."

"अठ्ठावीस वर्षं ओळखते मी तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही कप बशीत ठेवताना आवाज केलात. तुमच्या कपाचा कधी आवाज होत नाही. काय केलंय तुम्ही?"

मी तिला सांगितले. सगळे सांगितले, मुलीच्या अर्जापासून. ती म्हणाली, "अकरा दिवस? एवढ्याशा माणसाचा एवढा मोठा हेवा!" एवढासा माणूस कोण, हे तिने सांगितले नाही. मी विचारले नाही.

गुरुवारी मी चारपर्यंत काही लिहिले नाही. मी का लिहिले, याचे खरे कारण इथे देतो. ते फारसे शोभणारे नाही. मी विचार केला, सात दिवसांनी धाकट्यांचे कुलगुरूपद हुकले तर काय होईल? सासुरवाडीत दर रविवारी तोच विषय. बायको, मेहुणी, मुलगी, सगळ्यांचे उसासे. 'केवळ तारखेने गेलं हो!' झालेला कुलगुरू पाच वर्षांत उतरतो. हुकलेला कुलगुरू मरेपर्यंत कुलगुरू असतो. तेवढे मोठे धाकटे मला झेपले नसते. आणि दुसरे म्हणजे, ती नोंद बरोबर होती. माझ्या हातची बरोबर नोंद मीच खोटी ठरवायची, हे काही जमेना.

मी लिहिले: 'सदर रुजू अहवाल दोन तारखेस दुपारी तीन वाजता या विभागात प्राप्त झाला होता. दाखल्याअभावी तो मी परत केला. त्याच दिवशी अन्य तीन अहवाल दाखला नंतर देण्याच्या अटीवर मीच स्वीकारले होते. असा भेद करण्यास नियमाचा आधार नव्हता.' वहीच्या पानाची प्रत जोडली. पाचला दहा मिनिटे असताना कुलसचिव मॅडमच्या टेबलावर ठेवले.

त्यांनी दोनदा वाचले. "शेवटचं वाक्य लिहायची गरज होती का?"

"वही पाहणारा विचारेलच."

"तुम्ही अगदीच..." एवढे म्हणून त्यांनी सही केली.

धाकटे कुलगुरू झाले. माझी मंगळवारची मुलाखत पुढे ढकलली गेली आणि विभागाने मला लेखी ताकीद द्यावी असा प्रस्ताव तयार झाला. तो मंजुरीसाठी कुलगुरूंकडे गेला. म्हणजे धाकट्यांकडे. आठवडाभर आवारात चर्चा. साडूच आहेत, फाडून टाकतील. बायकोलाही तसेच वाटत होते. मला मात्र त्या आठवड्यात झोप नव्हती ती वेगळ्या कारणाने: त्यांनी मला माफ केले तर? मग मी त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने जळायचे?

शुक्रवारी फाईल परत आली. 'मंजूर', खाली धाकट्यांची ती वळणदार सही. ताकीद माझ्या सेवापुस्तकात गेली. सहायक कुलसचिवपद दुसऱ्याला मिळाले. सेवापुस्तकातली नोंद करायचे काम माझ्याच विभागाचे, ती मी स्वतः केली. शाईने.

रविवारी धाकटे घरी आले. एकटेच, चालत. बायको चहा करायला आत गेली.

"दादा, मी सही केली."

"पाहिली."

"राग आलाय?"

"नाही. केली नसतीत तर आला असता."

ते थोडे हसले. मग म्हणाले, "त्या दिवशी तीन कागद वाळत होते तुमच्या टेबलावर. मी पाहिले होते."

मी म्हणालो, "मग बोलला का नाहीत? कुलसचिवांकडे जायचं होतं. बायकोला सांगायचं होतं."

"आदल्या आठवड्यात तुमची लेक आली होती माझ्याकडे. रडत होती. म्हणाली, बाबांनी अर्ज भरून ठेवलाय आणि मला नाही म्हणता येत नाही. मी म्हटलं, जा आणि सांग." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, मी यांचं काहीतरी घेतलंय. यांना अकरा दिवस घेऊ देत."

आतून बायको म्हणाली, "साखर किती घालू?" ती बाहेर येऊन दोघांकडे पाहून परत गेली.

दहा वर्षे हा माणूस हे पोटात ठेवून माझ्या घरी जेवत होता. मला वाटत होते, निदान मनाच्या कोपऱ्यात तरी मी त्यांच्याविरुद्ध काहीतरी करून दाखवले आहे. तेही त्यांनी मला करू दिले होते! त्या रविवारइतका हेवा मला आधी कधी वाटला नव्हता.

कुलगुरू म्हणून त्यांनी काय केले ते या अंकाच्या वाचकांना ठाऊक आहे. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने आठवड्यातून एक तास कोणत्याही वर्गात बसावे, हे परिपत्रक त्यांचे. मसुदा मीच केला होता. वाणिज्य शाखेची मुले साहित्याच्या वर्गात जाऊ लागली, त्यांची यादी माझ्याकडे येई. साहित्याची मुले वाणिज्यात किती गेली, ते लिहीत नाही.

तीन वर्षांनी त्यांनी राजीनामा दिला आणि निवडणुकीला उभे राहायचे ठरवले. पक्षाचे लोक घरी येऊ लागले. एके दिवशी धाकटे माझ्याकडे आले आणि एक फुगलेली फाईल माझ्यासमोर ठेवली.

"दादा, हे सगळं तुमच्याकडे. अर्ज, शपथपत्र, जे काय लागतं ते. मला तारखा जमत नाहीत, तुम्हाला माहीत आहे."

"मला द्यायची हिंमत होते?"

"दुसऱ्या कुणाला द्यायची होत नाही."

मी रजा टाकली. पंधरा दिवस एकेक कागद जमवला. धाकटे राहतात एका मतदारसंघात आणि उभे होते शेजारच्यात, म्हणून मतदार यादीतल्या नावाचा प्रमाणित उतारा अर्जासोबत हजर करावा लागतो. तो नसेल तर अर्ज बाद. उतारा मी आणला आणि मूळ प्रत धाकट्यांकडे दिली, कारण त्यावर वकिलांना काही पाहायचे होते. शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मुदत होती. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेर गर्दी, घोषणा, ढोल. मला दोनदा ढकलून लोक धाकट्यांपर्यंत गेले. एक कार्यकर्ता मला म्हणाला, "काका, बाजूला व्हा ना, साहेब दिसत नाहीत."

आत गेल्यावर अधिकारी म्हणाले, "यादीचा उतारा?"

धाकट्यांनी खिसे चाचपले. पिशवी उघडली. पिशवीत दोन पुस्तके होती, ती उलटी करून झटकली. काही पडले नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून मी ओळखले. उतारा तिसऱ्या पुस्तकात होता आणि तिसरे पुस्तक त्यांनी कुणाला तरी वाचायला दिले होते. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून एकोणपन्नास मिनिटे झाली होती. वकील आपली फाईल पुन्हा उलटसुलट करू लागले. पक्षाचा माणूस फोन लावू लागला. धाकटे अधिकाऱ्यासमोर उभे होते, बाहीला या वेळी खडू नव्हता, पण कपाळावर घाम होता. हजारो माणसे ज्यांचे बोलणे ऐकायला बाहेर उभी होती, त्यांना आत एक शब्द सुचत नव्हता.

मी पंधरा दिवसांपूर्वी उताऱ्याच्या दोन प्रमाणित प्रती काढल्या होत्या. दुसरी माझ्या पिशवीत होती, प्लास्टिकच्या वेष्टनात.

मी लगेच काढली नाही. घड्याळाकडे पाहिले आणि सेकंदकाटा पूर्ण एक फेरा फिरू दिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खरे आहे. पण पूर्वी अकरा दिवस लागत होते, आता एका मिनिटात माझे भागले, हेही खरे आहे. काटा बारावर आला तशी मी प्रत टेबलावर ठेवली.

अधिकाऱ्यांनी ती पाहिली, अर्ज घेतला आणि पोचपावती दिली. तिच्यावर वेळ लिहिली होती, दोन वाजून त्रेपन्न मिनिटे. वकिलांनी माझा हात हातात घेतला. धाकट्यांनी रुमालाने कपाळ पुसले आणि बाहेरच्या गर्दीकडे जाण्याआधी माझ्या कानाशी वाकले.

"दादा," ते म्हणाले, "मी घड्याळ पाहत होतो बरं का."